स्वस्त आयात काडतुसं सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये चालतील का? खोका उघडण्यापासून पुंगळी वाचण्यापर्यंत

या प्रश्नावर लोक हमरीतुमरीवर येतात, कारण प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो. एकाला विचारायचं असतं की रायफल फुटेल का. दुसऱ्याला, ती मध्येच अडकेल का. तिसऱ्याला, नळी लवकर झिजेल का. तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. एखादं काडतूस पूर्ण सुरक्षित असूनही दर मॅगझिनला एकदा अडकू शकतं. दुसरं लोण्यासारखं चालतं आणि दोनेक वर्षांत नळी खाऊन टाकतं.

माझं मत आधीच सांगतो. ‘आयात’ आणि ‘स्वस्त’ या दोन शब्दांवरून सुरक्षिततेबद्दल फारसं काही कळत नाही. कळतं ते लॉट नंबरवरून, नळीवर कोरलेल्या आकड्यावरून आणि पहिल्या वीसेक बारांनंतर हातात आलेल्या पुंगळ्यांवरून. ते कसं वाचायचं, हे पुढे क्रमाने लिहिलं आहे. काडतुसं आणि रायफल बाळगण्याचे आपापल्या ठिकाणचे कायदे पाळले जात आहेत, हे गृहीत धरलं आहे.

स्वस्त का असतं, हे आधी समजून घ्या

किंमत उतरते ती मुख्यतः धातूमुळे. पितळ महाग, पोलाद स्वस्त. म्हणून पुंगळी स्टीलची करतात आणि गंजू नये म्हणून तिच्यावर लाखेसारखा लॅकरचा किंवा पॉलिमरचा थर देतात. गोळीचं आवरणही निव्वळ तांब्याचं नसतं. मऊ पोलादाचं आवरण करून त्यावर तांब्याचा पातळ मुलामा चढवतात. त्याला बायमेटल म्हणतात. प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या बुडातली दारू पेटवणारी टोपी, पुष्कळदा बर्डन पद्धतीचा असतो. त्यात ठिणगी जायला पुंगळीच्या तळाला दोन बारीक भोकं असतात, त्यामुळे ती पुंगळी पुन्हा भरायला गैरसोयीची. एकदा वापरून टाकून द्यायचा माल, असा हिशेब.

यातलं काहीही मुळात धोकादायक नाही. तुला आणि बर्नाउल इथल्या रशियन कारखान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अशीच काडतुसं लष्करासाठी बनवली आणि कलाश्निकोव्ह घराण्यातल्या रायफली त्यावरच वाढल्या. प्रश्न येतो तो या मालासाठी न आखलेल्या रायफलमध्ये तो घातला की.

रशियन मालाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. अमेरिकेने ऑगस्ट 2021 मध्ये रशियन काडतुसांच्या आयातीवर निर्बंध जाहीर केले आणि ते 7 सप्टेंबर 2021 पासून लागू झाले. आधी दिलेले परवाने मुदत संपेपर्यंत चालले, नवे मिळेनासे झाले. त्यामुळे आज तिथे रशियन शिक्क्याचा खोका समोर आला, तर तो कोणत्या साली बनला आणि मधली वर्षं कोणाच्या गोदामात, किती उन्हाळे काढून आला, हे विचारणं भाग आहे.

पहिली पायरी: नळीवर काय कोरलंय ते वाचा

काडतुसाचा खोका उघडण्याआधी रायफल हातात घ्या. नळीवर किंवा रिसीव्हरवर (रायफलच्या मुख्य सांगाड्यावर) चेंबरचं, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या पोकळीचं, माप कोरलेलं असतं. अंदाजाने चालवू नका आणि विकणाऱ्याच्या शब्दावर तर अजिबात नाही.

सगळ्यात जास्त घोळ .223 रेमिंग्टन आणि 5.56 नाटो या जोडीत होतो. बाहेरून दोन्ही काडतुसं जवळपास सारखी. फरक चेंबरमध्ये आहे. 5.56 च्या चेंबरमध्ये गोळीच्या टोकापासून नळीच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या आट्यांपर्यंतची मोकळी जागा जास्त लांब असते. .223 मध्ये ती आखूड. आखूड जागेत लष्करी दाबाचं 5.56 काडतूस झाडलं की गोळी लवकर आट्यांना भिडते आणि दाब चढतो. म्हणून 5.56 चेंबरमध्ये दोन्ही चालतात, .223 चेंबरमध्ये फक्त .223. नळीवर ‘.223 वाइल्ड’ असेल तर दोन्ही चालतात. .223 साठी अमेरिकन सामी संस्थेची दाबाची मर्यादा 55,000 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे आणि नाटोच्या 5.56 साठी 62,000 च्या आसपासचा आकडा दिला जातो. हे दोन आकडे समोरासमोर ठेवून लोक वाद घालतात, पण दाब मोजण्याची जागा दोन्ही पद्धतींत वेगळी आहे. तुलना आकड्यांची न करता चेंबरची करावी.

.308 विंचेस्टर आणि 7.62×51 नाटो यांची गोष्ट उलट्या बाजूची आहे. इथे नागरी .308 हे दाबाला वरचढ आहे. शिवाय लष्करी पुंगळीच्या भिंती जाड असतात, कारण लष्करी चेंबर थोडा ऐसपैस ठेवलेला असतो. अशा ऐसपैस चेंबरमध्ये पातळ भिंतीची .308 पुंगळी ताणली जाते आणि कधीकधी बुडापाशी तुटते. जुनी लष्करी रायफल असेल तर एकदा गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे काडतुसाला चेंबरमध्ये मागेपुढे मिळणारी जागा, मोजून घ्या. ते काम काही मिनिटांचं आहे.

तिसरी गोष्ट जिवावर बेतणारी आहे. .300 ब्लॅकआउट हे काडतूस .223 च्याच पुंगळीवर बेतलेलं. ते 5.56 च्या मॅगझिनमध्ये बसतं, आणि काही गोळ्यांच्या आकारामुळे ते 5.56 च्या चेंबरमध्येही ढकललं जाऊ शकतं. ट्रिगर दाबल्यावर 7.8 मिलिमीटर जाडीची गोळी 5.6 मिलिमीटरच्या नळीत शिरू पाहते आणि रायफल फुटते. दोन्ही रायफली घरात असतील तर मॅगझिनं वेगळ्या रंगाची ठेवा आणि सुट्टी काडतुसं एका डब्यात कधीही टाकू नका.

दुसरी पायरी: खोका आणि पुंगळीचं बूड

चांगल्या कारखान्याचा खोका बोलका असतो. कॅलिबर, गोळीचं वजन, कारखान्याचं नाव, लॉट नंबर हे सगळं त्यावर असायला हवं. युरोपात सीआयपी या 1914 साली स्थापन झालेल्या आयोगाच्या सदस्य देशांत काडतुसांचे लॉट दाबासाठी तपासले जातात आणि खोक्यावर तपासणीची खूण येते. अमेरिकेतली सामी 1926 पासून मानकं ठरवते, पण ती पाळणं कारखान्याच्या इच्छेवर आहे. आयात मालावर सीआयपीची खूण दिसली तर माझ्या लेखी तो मोठा दिलासा आहे. ती नसणं म्हणजे माल वाईट असं नाही, पण मग पुढच्या पायऱ्या अधिक काटेकोरपणे करायच्या.

पुंगळीच्या बुडावर कारखान्याची खूण, बरेचदा वर्ष आणि कधी वर्तुळात अधिकचं चिन्ह असतं. ते वर्तुळातलं चिन्ह नाटो मानकाचं आहे. एकाच खोक्यात वेगवेगळ्या बुडांच्या पुंगळ्या दिसल्या तर तो कारखान्याचा मूळ माल नाही, कोणीतरी गोळा करून भरलेला आहे. खोक्यावर बारीक अक्षरात ‘रीमॅन्युफॅक्चर्ड’ असं (म्हणजे वापरलेल्या पुंगळ्यांत पुन्हा भरलेलं) लिहिलेलं असतं, तेही शोधा. नावाजलेल्या कंपनीचं रीमॅन्युफॅक्चर्ड काडतूस वाईटच असतं असं नाही, पण ते ‘नवीन आयात माल’ म्हणून विकलं जात असेल तर विकणाऱ्याचा हेतू तिथेच कळतो. प्लॅस्टिकच्या पिशवीतली सुट्टी काडतुसं, कितीही स्वस्त असोत, मी घेत नाही.

लॉट नंबर वहीत लिहून ठेवा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पुढे एखाद्या लॉटमध्ये दोष निघाला आणि कारखान्याने तो परत मागवला, तर ओळखायला हाच आकडा कामाला येतो.

तिसरी पायरी: वीस काडतुसं हातात घेऊन बघा

उजेडात, टेबलावर कापड अंथरून वीस काडतुसं ओळीने उभी करा. जवळपास रायफल नको. आता एकेक उचला.

आधी प्रायमर. तो पुंगळीच्या बुडाला सपाट, किंबहुना किंचित आत बसलेला हवा. बोटाचं टोक त्यावरून फिरवा. उंचवटा लागला तर ते काडतूस बाजूला. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये याला फार महत्त्व आहे. एआर-15, एसकेएस, एम1 गॅरंड या रायफलींत फायरिंग पिन (प्रायमरवर आदळणारी बारीक सळई) मोकळी असते. बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग, जोरात पुढे येऊन थांबतो तेव्हा पिन स्वतःच्या वेगाने पुढे सरकून प्रायमरला हलकेच टेकते. एआर-15 मध्ये एखादं काडतूस चेंबरमध्ये भरून न झाडता बाहेर काढलं, तर प्रायमरच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा खळगा दिसेल. तो नेहमीचाच आहे. पण प्रायमर वर आलेला असेल किंवा फार मऊ असेल, तर एवढ्याशा टकरीने ट्रिगरला हात न लावता बार उडू शकतो. बोल्ट पूर्ण कुलूपबंद होण्याआधी तो उडाला तर गरम वायू आणि धातूचे तुकडे मागे येतात. लष्करी प्रायमर जाणूनबुजून कडक ठेवतात ते यासाठीच. आणि म्हणूनच तेच ते काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये भरून काढत राहू नये.

मग गोळी. अंगठ्याने तिला पुंगळीत आत ढकलून बघा, बऱ्यापैकी जोर लावून. हलली तर नको. गोळी आत सरकली की आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. कॅलिपर असेल तर पूर्ण लांबी मोजा. .223 साठी ती 57.4 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, 7.62×39 (कलाश्निकोव्हचं काडतूस) साठी 56, .308 साठी 71.1. सगळी काडतुसं मर्यादेच्या आत असणं हे एक झालं. वीसांत एखादंच बाकीच्यांपेक्षा मिलिमीटरभर आखूड निघालं, तर मला त्याची जास्त चिंता वाटेल.

मानेला तडा, खोल चेचलेला खांदा, पितळेवर हिरवा थर, लॅकरखाली फुगलेला गंज, यातलं काही दिसलं की काडतूस बाद. वरवरचे ओरखडे आणि लॅकरच्या रंगातला फरक यांनी काही बिघडत नाही.

वजनकाट्यावर तोलणं कितपत उपयोगी? .223 मध्ये दारू साधारण दीड ग्रॅमच्या आसपास असते. स्वस्त मालात पुंगळी आणि गोळी यांच्या वजनातच काही दशांश ग्रॅमचा फरक पडतो. त्यामुळे अजिबात दारू न पडलेलं काडतूस काट्यावर सापडेल, थोडी कमी पडलेली सापडणार नाही. तोलायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका.

शेवटी लोहचुंबक. पुंगळीला चिकटला तर ती स्टीलची. गोळीला चिकटला तर दोन शक्यता: आवरण बायमेटल आहे, किंवा आत पोलादाचा गाभा वा टोक आहे. चुंबक या दोन्हींत फरक करू शकत नाही. बऱ्याच रेंजवर प्रवेशापाशीच असा चुंबक लावून बघतात आणि चिकटला की काडतुसं परत पाठवतात, कारण पोलादी गोळीने ठिणग्या उडतात, मागची भिंत आणि लोखंडी लक्ष्यं खराब होतात. मोठा खोका विकत घेण्याआधी आपल्या रेंजचा नियम विचारून घ्या.

क्षाराचा प्रायमर: रायफल फोडत नाही, खातो

जुना लष्करी साठा विकत घेत असाल, तर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळालं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि दमट हवेत एका रात्रीत नळीत गंज धरतो. सोव्हिएत काळातलं 7.62×54 आर आणि युगोस्लाव्ह एम67 शिक्क्याचं 7.62×39 यासाठी प्रसिद्ध आहेत. आज नव्याने बनणाऱ्या स्टीलच्या काडतुसांत सहसा असा प्रायमर नसतो. पण सीलबंद पत्र्याच्या डब्यातला जुना लष्करी माल असेल, तर तो क्षाराचाच आहे असं धरून चाला. विकणारा ‘नॉन-करोझिव्ह’ म्हणाला तरीही.

साफसफाईत लोक एक ठरावीक चूक करतात: तेल चोपडतात. तेलात क्षार विरघळत नाही, तो तेलाखाली सुखाने राहतो. त्याला पाणीच लागतं. अमोनियाचा काच पुसायचा द्रव फवारण्याची पद्धतही रूढ आहे. त्यातही काम करतं ते पाणीच.

रेंजवरून आल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासा आणि सुटे भाग काढा. कडकडीत गरम पाणी चेंबरच्या बाजूने नळीत ओता. गरम यासाठी की क्षार चटकन विरघळतो आणि धातू तापल्याने आपसूक वाळतो. मग गॅस, म्हणजे बार झाल्यावर बोल्ट मागे ढकलणारा वायू, जिथे जिथे पोचतो तिथे जा: गॅस ब्लॉक, पिस्टन, गॅस ट्यूब, बोल्टचं तोंड, नळीच्या टोकावरचा ब्रेक. एआर-15 मध्ये गॅस थेट बोल्ट कॅरिअरच्या पोटात येतो, म्हणून तिथे बोल्ट पूर्ण सोडवून त्याच्या कड्या, एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) खालची जागा, सगळं धुवावं लागतं. नंतर कोरडं पुसा, नेहमीच्या सॉल्व्हंटने नळी साफ करा आणि मग तेल. दुसऱ्या दिवशी पांढरं फडकं नळीतून ओढा. त्यावर तांबूस डाग आला तर पुन्हा पाण्यापासून सुरुवात. क्रोम लावलेली नळी बराच वेळ टिकाव धरते, पण गॅस ब्लॉक आणि टोकावरचा ब्रेक यांना तो आधार नसतो. गंज तिथूनच सुरू होतो.

प्रामाणिकपणे सांगायचं तर एआरच्या मालकाने या भानगडीत पडू नये. वाचलेले पैसे साफसफाईच्या वेळात जातात.

रेंजवर: एकापासून सुरुवात

रायफल स्वच्छ, हलकं तेल दिलेली, डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. आधी तुमच्या रायफलमध्ये नेहमी नीट चालणाऱ्या चांगल्या काडतुसांचं एक मॅगझिन झाडा. पुंगळ्या कुठे पडतात, धक्का कसा लागतो, आवाज कसा येतो, हे टिपून ठेवा. नंतर जे दिसेल ते याच्याशी ताडून बघायचं आहे.

आता मॅगझिनमध्ये नव्या मालाचं एकच काडतूस भरा. बार झाल्यावर बोल्ट मागे अडकून उभा राहिला पाहिजे. कलाश्निकोव्हमध्ये सहसा ही सोय नसते, तिथे पुंगळी जोमाने बाहेर पडली का ते बघा. बोल्ट मागे न अडकता रिकाम्या चेंबरवर बंद झाला, तर काडतुसाचा जोर रायफलला कमी पडतोय.

त्यानंतर मॅगझिनमध्ये दोन. दोनच का? ट्रिगर एकदा दाबल्यावर दोन्ही बार एकापाठोपाठ उडाले, तर मऊ प्रायमरचा किंवा ट्रिगरच्या जोडणीचा दोष उघडा पडतो, आणि दोन काडतुसांत तो जेवढ्यावर निभावतो तेवढ्यावर तीसमध्ये निभावत नाही. पुढे पाच, मग दहा. दर टप्प्याला थांबून पुंगळ्या उचला.

आता या पुंगळ्या वाचायच्या. प्रायमरच्या कडा थोड्या गोलसर राहिल्या असतील तर दाब ठीक. प्रायमर पार चपटा होऊन कडेपर्यंत पसरला, त्याला भोक पडलं किंवा तो खड्ड्यातून सुटूनच आला, तर थांबा. पुंगळीच्या बुडावर इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाच्या) भोकाचा चकचकीत ठसा उमटला असेल तर तेही दाब चढल्याचं चिन्ह आहे. बुडाच्या थोडं वर भोवताली चमकदार रेघ दिसली, तर पुंगळी तिथे ताणली गेली आहे आणि पुढची कदाचित तिथेच तुटेल. मानेला बारीक उभी चीर एखाद-दुसऱ्या पुंगळीत असेल तर तेवढ्यावरून घाबरू नका, दहांत तीन निघाल्या तर तो लॉट परत करा.

पुंगळी कुठे पडते, हेही सांगून जातं. एआर-15 मध्ये लक्ष्याची दिशा घड्याळातले बारा धरली, तर साधारण तीन ते साडेचारच्या दिशेला पडणं चांगलं. एक-दोनच्या दिशेला भिरकावली जात असेल तर गॅस जास्त, पाचच्या मागे लोळत पडत असेल तर कमी. वेग मोजायचा क्रोनोग्राफ मिळाला तर दहा बारांचा वेग लिहा. सरासरी कमी-जास्त असण्यापेक्षा दहांतला सगळ्यात मंद आणि सगळ्यात वेगवान बार यांच्यातलं अंतर महत्त्वाचं. एखादाच बार बाकीच्यांपेक्षा फार मंद निघाला, तर पुढचा फुसका निघू शकतो.

फुसका बार

सेमी-ऑटोमॅटिक रायफल काडतुसामुळे फुटते ती बहुतेकदा इथे किंवा चुकीच्या कॅलिबरमध्ये. म्हणून हे पाठ असू द्या. ‘धाड’ ऐवजी ‘फट्’ असा आवाज आला, धक्का लागला नाही, बोल्ट हलला नाही किंवा अर्धवट हलला, तर बोट ट्रिगरवरून काढा. गोळी नळीत मध्येच अडकलेली असू शकते. मॅगझिनला थाप मारून, बोल्ट ओढून पुढचा बार काढायची अनेकांच्या हाताला सवय असते, आणि तीच इथे घात करते. अडकलेल्या गोळीच्या मागून दुसरी आली की नळी फुगते किंवा फाटते. मॅगझिन काढा, चेंबर रिकामा करा, मागून किंवा सळई घालून नळीतून आरपार दिसतंय का ते बघा. दिसत नसेल तर त्या दिवसाची नेमबाजी संपली.

ट्रिगर दाबूनही काहीच झालं नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबा. प्रायमर उशिरा पेटू शकतो. रेंजचा नियम जास्त वेळ थांबायला सांगत असेल तर तो पाळा. नंतर काडतूस बाहेर काढून प्रायमर बघा. खोल खळगा पडूनही पेटलं नाही तर दोष काडतुसाचा. खळगा उथळ असेल तर कडक प्रायमर आणि हलकी स्प्रिंग यांचं जमत नाही. एआरमध्ये मऊ ट्रिगरसाठी हलक्या स्प्रिंग बसवलेल्यांना हा अनुभव स्वस्त काडतुसांत हमखास येतो.

स्टीलची पुंगळी अडकते तेव्हा

बार होताच पितळी पुंगळी फुगून चेंबरला चिकटते आणि दाब उतरला की पटकन आक्रसते. पोलाद इतकं नीट फुगत नाही, म्हणून काजळी पुंगळीच्या बाजूने मागे येऊन चेंबरमध्ये साठते. 7.62×39 ची पुंगळी चांगलीच निमुळती असल्याने थोडी सैल झाली की सुटते. .223 ची जवळजवळ सरळ असते, त्यामुळे अडकण्याच्या तक्रारी एआरमध्येच जास्त येतात. ‘लॅकर वितळून चेंबरला चिकटतं’ ही समजूत फार पसरली आहे, खरा गुन्हेगार बहुतेकदा काजळी असते. यावरून एक नियम निघतो: स्टीलची शे-दोनशे काडतुसं झाडल्यावर लगेच पितळी भरू नका. आधी चेंबरचा ब्रश फिरवा. काजळीच्या थरावर पितळ फुगून घट्ट बसतं आणि एक्स्ट्रॅक्टर पुंगळीची कड फाडून मोकळा होतो.

रिकामी पुंगळी अडकली असेल, ती रिकामीच आहे याची खात्री असेल, तर नळीच्या टोकाकडून साफसफाईची सळई घालून ती हलकेच ठोकून काढता येते. जिवंत काडतूस अडकलं असेल तर सळई लावायची नाही. नळी सुरक्षित दिशेला ठेवून रेंज अधिकाऱ्याला किंवा गनस्मिथला बोलवा. आणि तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस भरून रायफल तशीच ठेवू नका, उष्णतेनेच बार उडू शकतो.

गॅरंडचं दुखणं वेगळं. तिचा लांब ऑपरेटिंग रॉड 150 ग्रेनच्या (सुमारे 9.7 ग्रॅम) आसपास वजनाची गोळी असलेल्या लष्करी एम2 बॉल काडतुसाच्या गॅसवर बेतलेला आहे. मंद जळणाऱ्या दारूच्या जड शिकारी काडतुसांत गॅसच्या भोकापाशी दाब जास्त उरतो आणि रॉड वाकतो. चेंबरचा दाब मर्यादेत असूनही हे होतं. गॅरंडसाठी बनवलेलं काडतूस घ्या किंवा समायोज्य गॅस प्लग बसवा. एसकेएसच्या मालकांनी आधी बोल्ट सोडवून पिनच्या बोळात साचलेलं जुनं ग्रीस धुऊन काढावं. पिन त्यात पुढेच चिकटून राहिली, तर बोल्ट बंद होताच बार उडतो. तिथे काडतुसाला दोष देऊन उपयोग नाही.

झीज आणि हिशेब

लकी गनर या काडतूसविक्रेत्यांनी 2013 साली एकसारख्या एआर रायफलींत पितळी आणि स्टीलची काडतुसं हजारोंच्या संख्येने झाडून तुलना प्रसिद्ध केली. प्रत्येक रायफलसाठी लक्ष्य 10,000 बारांचं होतं. बायमेटल गोळ्या झाडलेल्या नळ्या सहा हजारांच्या आतबाहेर निकामी झाल्या, पितळी काडतुसांची नळी शेवटपर्यंत कामाची राहिली. झीज पुंगळीमुळे होते असं पुष्कळांना वाटतं, पण नळीतून पुंगळी जातच नाही. आटे झिजवते ती पोलादी आवरणाची गोळी, आणि त्या चाचणीसारख्या भरभर, तापत्या नेमबाजीत अधिकच. स्टीलची पुंगळी फार तर एक्स्ट्रॅक्टरचं आयुष्य कमी करते. तो सुटा भाग स्वस्त आहे, एक जास्तीचा जवळ ठेवावा.

हिशेब असा मांडा: दर काडतुसामागे वाचणारी रक्कम गुणिले पाच हजार. ती नवीन नळी आणि बसवण्याचा खर्च यांपेक्षा जास्त होत असेल, तर सरावासाठी स्वस्त माल घ्या आणि नळी हा खर्ची पडणारा भाग समजा. वर्षाला दोन-तीनशे बारच होत असतील, तर नळीचा विचार करत बसण्यात अर्थ नाही. स्पर्धेची अचूक नळी असेल तर बायमेटल तिच्या जवळपासही नको. रायफलच्या पुस्तिकेत वॉरंटीचं पान वाचा. काही कारखाने स्टीलच्या किंवा पुन्हा भरलेल्या काडतुसांनी झालेलं नुकसान भरून देत नाहीत.

बाद ठरलेल्या काडतुसांचं काय करायचं

तपासणीत बाजूला काढलेली आणि न उडालेली काडतुसं वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी लावून ठेवा. चांगल्या मालात ती परत मिसळली तर इतका वेळ केलेलं सगळं वाया गेलं. कचऱ्यात टाकू नका, पुरू नका, पुंगळीतून गोळी उपसायचा प्रयोग घरी करू नका. बऱ्याच रेंजवर फुसक्या काडतुसांसाठी वेगळी पेटी असते. ती नसेल तर परवानाधारक विक्रेता किंवा पोलीस ठाणं यांना आधी फोन करून विचारा आणि मगच घेऊन जा. जुन्या लष्करी डब्याचं झाकण उघडताच आंबूस, नाकात झोंबणारा वास आला किंवा काडतुसांवर तांबूस भुकटी दिसली, तर दारू कुजायला लागली आहे. त्या डब्यातलं एकही काडतूस चाचणीसाठीसुद्धा झाडायचं नाही. झाकण सैल ठेवून, उन्हापासून आणि घरापासून दूर ठेवून तो डबा लगेच त्यांच्या ताब्यात द्यायचा.